आठ दांड्या, चौदा पत्ते

माझ्या मुलीनं, सुजातानं, मागच्या महिन्यात गिटारचं एक डिजिटल यंत्र आणलं. आकारानं जेवणाच्या डब्याएवढं. पायानं एक बटण दाबलं की गिटारचा आवाज बदलतो, दुसरं दाबलं की आणखी बदलतो. कार्यक्रमात तेच, घरी बसून रेकॉर्डिंग करताना तेच. मी विचारलं, एकूण आवाज किती? ती म्हणाली, मोजले नाहीत. मला हे उत्तर आवडलं नाही. मी वही काढली, पेन काढलं आणि म्हटलं, तू एकेक वाजव, मी लिहून घेते. ती हसली. "आई, यादी त्याच्या पोटातच आहे." मी वही मिटली खरी, पण ती पुन्हा कपाटात ठेवायला मला जरा वेळ लागला. यादी पोटात असलेलं यंत्र मला फार उशिरा भेटलं. माझ्या वेळी यादी माझ्या मांडीवर असायची, सुतात ओवलेली, आणि ती माझ्या बाबांनी कापलेली असायची. त्याबद्दल एकदा नीट लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं. माझ्या कामांच्या यादीत ते सतराव्या क्रमांकावर होतं. आज वर घेतलं.

आमच्या नागपूरच्या घराच्या दोन खोल्या. पुढची मागाची, मागची आमची. मागाच्या खोलीत जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बाबा बसलेले, आणि सकाळी चहा झाल्यापासून उजेड जाईपर्यंत खट-खट, खट-खट. डोक्यावर जॅकार्डचं यंत्र, त्यातून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरायची. त्या पुठ्ठ्यांना आम्ही पत्ते म्हणायचो. कुठल्या पत्त्याला कुठलं भोक, त्यावर लुगड्याच्या काठात कुठली पाकळी उमटणार हे ठरायचं. मागच्या खोलीत माय चुलीजवळ बसून रहाटावर, आडवा धागा नेणाऱ्या धोट्यासाठी, सुताच्या कांड्या भरायची. एका हातानं रहाट, दुसऱ्या हातानं सूत, आणि डोळा तव्यावरच्या भाकरीवर. रविवारी पातोडीचा रस्सा व्हायचा, तोही रहाट सुरू असतानाच. त्या रश्शात एकदा कांडी पडली होती. बाबांनी ती काढून झटकली, आणि "रंग पक्का बसला," म्हणत जेवत राहिले.

या घरात शांतता म्हणजे संकट. मागाचा आवाज थांबला की मायचा हात जिथल्या तिथं थांबे आणि ती आतून ओरडे, "काय तुटलं जी?" बाहेरून उत्तर येई, "दोन तार," किंवा "दोरी." मग ती पुन्हा रहाट फिरवू लागे. जेवायला, पाहुण्याशी बोलायला, औषध घ्यायला बाबा मधेच कधी माग थांबवत नसत. धोटा थांबला म्हणजे तुटलंच. मायनं दुसरा प्रश्न कधी विचारला नाही, कारण दुसरं कारण कधी नव्हतं.

आणखी एक वस्तू सांगायची राहिली. मागावर कापडाची चांगली बाजू खाली असते आणि उलटी वर. विणणाऱ्याला समोर दिसते ती उलटी. म्हणून बाबांनी कापडाखाली एक वीतभर आरसा ठेवलेला असे. मधूनमधून वाकून ते त्यात काठ पाहत. घरात तेवढा एकच धड आरसा होता. वेणी घालायला मी तो उचलून नेला की बाबा म्हणत, "कुंदे, तुही वेणी उलटी निघाली तं चालते, माहा काठ नाही चालत."

गिटार माझ्याकडे आली ती शाळेतल्या गाण्याच्या बाईंची बदली झाली म्हणून. त्यांच्या नव्या गावी जाणाऱ्या बैलगाडीत ती मावत नव्हती, असं त्या म्हणाल्या. मला वाटतं, मावत असावी. ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची विजेची गिटार. डाव्या हातात लोखंडाचा गुळगुळीत तुकडा, तो तारांवरून सरकवायचा, उजव्या हाताच्या बोटांत नख्या. दोन्ही हात गुंतलेले, हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी अडचण इथूनच सुरू होते. मी सराव करायची मागच्या खोलीत, वायर रेडिओला जोडून, माग सुरू असताना. माग सुरू नसे अशी वेळच नव्हती. बाबांना माझी गिटार कधी ऐकू आली असेल असं मला वाटत नाही. मला मात्र त्यांचा माग सतत ऐकू यायचा, आणि न ठरवता माझा हात त्याच्याच चालीनं पडायचा.

श्रावणदादांची गायन पार्टी आमच्या विहाराच्या पटांगणात तालीम करायची. श्रावणदादा गाणी लिहायचे, चाली लावायचे, गायचे, आणि लोक गाणं ऐकत नसले तर गाणं थांबवून त्यांना रागवायचेही. पेटी, ढोलक, झांज आणि प्रल्हादचं क्लॅरोनेट. मी गेले तेव्हा त्यांनी एक गाणं ऐकलं आणि म्हणाले, "हे चालते. शेवंताच्या बाजूले बस." शेवंतावहिनी त्यांची बायको, ती साथीला गायची. ती होती म्हणून मायनं मला परगावी जाऊ दिलं. बाबांनी काही विचारलं नाही. ते कार्यक्रमाला येतही नसत. दिवसभर सुताकडे पाहून संध्याकाळी त्यांचे डोळे पाणावत, आणि मंडपातल्या झगझगीत दिव्यांसमोर त्यांना बसवत नसे.

डबा आला तो जरीपटक्याच्या हासानंदभाईंकडून. त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. श्रावणदादांचा भोंगा दुरुस्त करता करता त्यांना या पार्टीचा लळा लागला. एका जुन्या रेडिओच्या लाकडी खोक्यात त्यांनी गिटारसाठी एक यंत्र बसवलं. समोर एका रांगेत आठ सरकत्या दांड्या, खालून वर ढकलायच्या. पहिली आवाजाची, मग जाड, बारीक, घरघर, घुमारा, थरथर, थरथरीचा वेग, आणि शेवटची आतल्या लांब स्प्रिंगची. स्प्रिंगची दांडी वर असताना डब्याला धक्का लागला की मंडपात वीज कडाडे. हासानंदभाई म्हणाले, "बेटी, ये डब्बा नहीं है, पूरा ऑर्केस्ट्रा है. सिर्फ इसको लात मत मारना."

डबा खरोखर गुणी होता. दांड्या एका तऱ्हेनं लावल्या की गिटार सारंगीसारखी रडे, दुसऱ्या तऱ्हेनं शहनाईसारखी. पण प्रत्येक गाण्याला आठ दांड्या, आणि गाणी चौदा. मी अर्थातच यादी केली. वहीच्या पानावर चौदा ओळी, प्रत्येक ओळीत डावीकडून उजवीकडे आठ आकडे. घरी ती यादी फार देखणी दिसे. मंचावर एक गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंत लोखंड खाली ठेवायचं, वही शोधायची, ओळ शोधायची, आठ दांड्या मोजून लावायच्या, लोखंड पुन्हा उचलायचं. एवढ्यात श्रावणदादांचं कडवं सुरू झालेलं असे. लग्नाच्या एका कार्यक्रमात वधूवरांना आशीर्वाद द्यायच्या गाण्यात माझी गिटार मागच्या शोकगीताच्या आवाजात हुंदके देत राहिली. मुलीकडच्या एका आजीनं डोळ्याला पदर लावला. बाकीचे हसले.

दुसऱ्या दिवशी तालमीला श्रावणदादा माझ्यासमोर बसले. "कुंदाबाई, माह्या प्रत्येक गाण्यात मागल्या गाण्याचं भूत येऊन राहिलं."

"दादा, दांड्या लावायले वेळ लागते."

"लोकाले वेळ नाही ना, वं. पाय, सावनेरच्या कार्यक्रमानंतर आठ दिवसानं आपल्याले कॅसेट भरायची आहे. रामदासपेठेत खोली घेतली. तिथं काही एकेक गाणं चारदा घ्यायची सोय नाही. सावनेरले डबा बरोबर बोलला तं कॅसेटमध्ये तू. नाही तं तुह्या जागा प्रल्हाद घेईन क्लॅरोनेटवर."

प्रल्हाद वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "मी काही मागतलं नाही, वं." पण त्यानं नाहीही म्हटलं नाही.

मला ती कॅसेट हवी होती. नाव व्हावं म्हणून नव्हे, नावं छापली जातील का हेही माहीत नव्हतं. कॅसेट घरात वाजते. मंडपात न येणारा माणूस ती घरी बसून ऐकू शकतो. आमच्या घरी असा एक माणूस होता.

मी आकडे पाठ करू लागले. भाकरी करताना, पाणी भरताना, झोपताना. "तीन, पाच, पाच, शून्य, सहा..." दोन दिवसांनी मायनं विचारलं, "हे काय पुटपुटून राहिली, ताप आला का?" मी सांगितलं. बाबा मागावरून न उठता, हात न थांबवता सगळं ऐकत असावेत. संध्याकाळी माग बंद झाल्यावर ते आत आले आणि डब्यासमोर उकिडवे बसले. दांड्या वरखाली करून पाहिल्या.

"पाठ काहून करून राहिली?"

"मंग काय करू, बाबा?"

"माह्या मागाले काय पाठ आहे? त्याले तं डोकंबी नाही. पत्ता जे सांगते ते करते."

त्यांनी एक सूत घेतलं आणि दोन दांड्यांमधलं अंतर मापून गाठी मारल्या. मग मला समजावलं. जुन्या पत्त्याचा पुठ्ठा घ्यायचा, त्याची वरची कड पायऱ्या-पायऱ्यांनी कापायची, आठ दांड्यांसाठी आठ पायऱ्या. जिथं दांडी उंच हवी तिथं पायरी उंच. गाणं संपलं की एका पट्टीनं सगळ्या दांड्या खाली ओढायच्या, मग तो पत्ता खालून वर रेटायचा. आठही दांड्या आपापल्या जागी. एक हात, दोन खेपा. हासानंदभाईंना हे सुचलं नव्हतं, श्रावणदादांना नाही, मला नाही. सुजाताचं यंत्र पाहिलं तेव्हा मला पहिल्यांदा हाच पुठ्ठा आठवला. तिथं पायानं दाबतात, आम्ही हातानं रेटायचो, फरक एवढाच.

नेमका त्याच आठवड्यात डबा गुणगुणायला लागला, म्हणून तो हासानंदभाईंकडे दुरुस्तीला गेला. बाबांनी माझी वही आणि ते गाठींचं सूत समोर ठेवून तीन संध्याकाळी पत्ते कापले, पाणावल्या डोळ्यांनी. प्रत्येकावर शाईनं गाण्याचा क्रमांक घातला. खाली एक भोक पाडून सगळे एका सुतात ओवले, मध्ये ऐसपैस अंतर ठेवून. "सुटा पत्ता म्हणजे हरवलेला पत्ता," ते म्हणाले. मी पत्ते मोजले. चौदा. क्रमांक पाहिले. बरोबर. माझ्या स्वभावाप्रमाणे मी तपासणी केली असं मला वाटलं. आकडे मात्र वहीशी ताडून पाहिले नाहीत. बाबांनी कापलेल्या पत्त्यात चूक असू शकते ही गोष्ट आमच्या घरात कोणाच्या डोक्यात येत नसे.

सावनेरला जाण्याच्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत मी हासानंदभाईंच्या दारात उभी होते. डबा घेतला, साडीच्या तुकड्यात गुंडाळला, आणि एस.टी.त तो मांडीवर घेऊन बसले. मायनं तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं दिलं होतं. प्रल्हादनं माझ्या वाट्याच्या दोन पुऱ्या खाल्ल्या आणि म्हणाला, "तुह्या जागा घ्यायच्याच आहे, तं सुरुवात पुऱ्यापासून करतो." सगळे हसले. मीही. पण पुऱ्यांचा डबा मी त्याच्यापासून लांब ठेवला.

जयंतीचा कार्यक्रम होता. उन्हं उतरल्यावर लोक जमले, शेतातले, गावातले, कोळशाच्या खाणीतून पाळी संपवून आलेले. वंदना झाली. पहिलं गाणं मोकळ्या, स्वच्छ आवाजाचं होतं. मी पट्टीनं दांड्या खाली ओढल्या, एक नंबरचा पत्ता वर रेटला. आठ दांड्या एकदम चढल्या. वहिनी कौतुकानं "अगं बाई," म्हणाली. मग मी तार छेडली आणि विहिरीत पडलेल्या माणसानं गिटार वाजवावी तसा आवाज आला. लांबून, बारीक, घुमत. मला वाटलं, वायर. मी वायर हलवली. डब्याला धक्का लागला आणि सावनेरवर वीज कडाडली. मुलं टाळ्या वाजवू लागली.

दुसरं गाणं विरहाचं. दोन नंबरचा पत्ता. आता घुमाऱ्याच्या जागी घरघर निघाली, चढावर अडकलेल्या ट्रकसारखी. श्रावणदादांनी कडवं संपवलं, घाम पुसला आणि माईकवर म्हणाले, "आमची कुंदा हुशार पोरगी आहे. गावात येता येता जे जे ऐकलं ते सारं वाजवून राहिली." लोक हसले. त्या हशातच त्यांनी प्रल्हादकडे मान वळवून हळूच सांगितलं, "पुढच्यात गिटारची सुरुवात तू घे, गा." प्रल्हादनं क्लॅरोनेट ओठाला लावलं.

पुढचं तिसरं गाणं विणकराचं होतं. दादांनी आमच्या वस्तीतले माग डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं. त्यात सुरुवातीला गिटारचा एक लांब सूर होता, आणि त्या सुराची थरथर मी घरच्या मागाच्या चालीवर बसवली होती. खट-खट, खट-खट. थरथरीच्या वेगाची सातवी दांडी म्हणून त्या गाण्याला उंच होती. मी तीन नंबरचा पत्ता हातात घेतला आणि पाहिलं, उंच पायरी डावीकडे होती. दुसरी. सातवी डावीकडून नाही, उजवीकडून. मी पत्त्याकडे पाहिलं आणि मला पत्ता दिसला नाही, आरसा दिसला. मागाखालचा, वीतभर, ज्यात माझी वेणी आणि बाबांचा काठ. ज्या माणसानं आयुष्यभर उलटी बाजू वर ठेवून पत्ते लावले, त्यानं हेही तसेच कापले होते. चौदाच्या चौदा. चूक एकही नव्हती. फक्त बाजू दुसरी होती.

मी पत्ता उलटा केला. क्रमांक मागे गेला, कोरी बाजू वर आली. दांड्या ओढल्या, पत्ता रेटला. प्रल्हादनं श्वास भरून घेतलेला मला दिसला, आणि त्यानं तो सोडण्याआधी मी तारेवर लोखंड ठेवलं. सूर निघाला. लांब, स्वच्छ, आणि त्याच्या आत माग चालू. प्रल्हादनं क्लॅरोनेट खाली घेतलं. भरलेला श्वास त्यानं नाकानं सोडला. श्रावणदादा डोळे मिटून गायला लागले. दादा डोळे मिटत तेव्हा समजावं की आता ते कोणाला रागवणार नाहीत. पुढची अकरा गाणी मी पत्ता उचलला, क्रमांक पाहिला, उलटवला, रेटला. परतीच्या वाटेवर प्रल्हादनं मला पेरू दिला. "पुऱ्या वापस," म्हणाला.

घरी येऊन मी बाबांना काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं दौत घेऊन बसले आणि पत्त्यांच्या कोऱ्या बाजूवर एक ते चौदा क्रमांक घातले, जुने खोडले. माग सुरू करायच्या आधी बाबा पाणी प्यायला आत आले. उभ्या उभ्या त्यांनी एक पत्ता उचलला, या बाजूनं पाहिला, त्या बाजूनं पाहिला.

"उलटे कापले मी."

"हो."

"मंग मंचावर काय केलं?"

"उलटवले."

"येवढंच?"

"येवढंच."

ते हसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मंग चांगलंच कापले म्हणायचे," आणि जाऊन खड्ड्यात बसले.

रामदासपेठेतली खोली म्हणजे एका डॉक्टरांच्या घरावरची गच्चीतली खोली, भिंतींना गोधड्या टांगलेल्या. पंखा आवाज करतो म्हणून बंद. एक माणूस यंत्रापाशी बसून बोटानं इशारा करायचा. सगळी गाणी एका दमात झाली. मी गाण्यांच्या मध्ये दोन खेपांत दांड्या बदलत होते ते पाहून त्या माणसानं विचारलं, हे कुठून आणलं? मी म्हटलं, घरी विणलं. वेष्टनावर पुढे छापलं होतं, "श्रावणदादा आणि पार्टी." माझं नाव नव्हतं, प्रल्हादचंही नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून दादांना त्यावरून बरंच छळलं.

कॅसेट घरी आली तेव्हा शेजाऱ्यांकडून टेपरेकॉर्डर मागून आणला. मी तो मागच्या खोलीत ठेवला, मायजवळ. बाबांना मुद्दाम बोलावलं नाही. माग सुरू होता. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. मागाच्या आवाजात मलाच शब्द नीट कळत नव्हते. माय रहाट फिरवत म्हणाली, "बरं आहे." तिसरं गाणं लागलं. लांब सूर आला, आणि त्यातली थरथर बाहेरच्या खट-खटीत अशी मिसळून गेली की दोन माग चालल्यासारखं वाटलं.

मग त्यातला एक थांबला.

मायचा हात रहाटावर जिथल्या तिथं थांबला. तिनं मान वर केली.

"काय तुटलं जी?"

सूर संपत आला होता, दादांचा आवाज सुरू व्हायचा होता.

"काही नाही तुटलं," बाबा म्हणाले. "ऐकून राहिलो."